पहिल्या पाण्याची काच

लिंबारवाडीत म्हस्कू आबांची एक गोष्ट होती. ती सुरू झाली की पारावरची माणसं घोंगडी झटकून उठत, आणि ज्यांना उठणं जमत नसे ती डोळे मिटून घेत. गोष्ट एवढीच: बारामतीकडून इंदापूरकडे जाणाऱ्या कालव्यातून वाडीच्या रानाला फाटा काढला आणि त्याला पहिलं पाणी सुटलं, त्या दिवशी साहेब, पाटील, भटजी सगळे काठावर नारळ घेऊन उभे राहिले, आणि तो नारळ फुटायच्या आत म्हस्कू आबांची मेंढरं पाणी पिऊन मोकळी झाली. तेव्हा आबा अठरा वर्षांचे होते. आता सत्तरीला टेकले होते. मधल्या पन्नास वर्षांत गोष्टीतली मेंढरं सातांची सतरा झाली होती आणि सतरांची सत्तर, त्यामुळं गोष्टीवर कुणाचा विश्वास उरला नव्हता.

सगळ्यात जास्त हसत ते गेणू तात्या. ते आबांचे भाऊबंद. दोघांचे आजे सख्खे भाऊ, एकाच मेंढवाड्यातले. वाटणी झाली तेव्हा थोरल्यानं मेंढरांच्या उजव्या कानाला खाच मारली, धाकट्यानं डाव्या. खाच तीच, कान वेगळा. उजवा कान म्हस्कू आबांच्या घराचा, डावा गेणू तात्यांच्या. पुढं दोघांचीही मेंढरं गेली, जमीन ओलिताखाली आली, उसाच्या सऱ्या आल्या. पण कुठला कान कुणाचा हे दोन्ही घरांतली शेंबडी पोरंसुद्धा सांगत. गेणू तात्या म्हणत, "आरं, हा म्हातारा तवा कुठं हुता कुणास ठावं. पाणी पिलं आसंल तर आमच्या डाव्या कानानं पिलं आसंल." आणि पार हसे.

आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऊन कुठं आहे आणि सावली कुठं आहे एवढंच त्यांना कळे. हसणारे कोण ते आवाजावरून ओळखत आणि त्यांच्याकडं तोंड करून गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत.

त्या वाडीच्या शाळेत कुंडलिक मास्तर चार वर्षं होते. माळ्याचे. वांग्या-मिरचीच्या वाफ्यांत वाढलेले, त्यामुळं कुठलीही गोष्ट उकरून बघायची खोड. शाळा म्हणजे एक लांबट खोली, पूर्वेला ओसरी, ओसरीकडं एक मोठी खिडकी, आणि पश्चिमेला दार. चार इयत्ता, एक मास्तर, चाळीसेक पोरं. चाळीसमधली एकोणचाळीस आत बसत. महारवाड्यातल्या भिमाची रतन ओसरीवर बसे, खिडकीखाली, आपलं पोतं आपणच आणून. तसा रिवाज होता असं म्हटलं की माणूस मोकळा होतो. कुंडलिक मास्तर चार वर्षं तसेच मोकळे झाले होते. पाटी तपासायला ते दिवसातून एकदा ओसरीवर जात, आणि आपण जातो तरी, याचं त्यांना मनातून थोडं कौतुकही होतं.

छत्तीस सालच्या हिवाळ्यात इरिगेशनच्या बंगल्याची दुरुस्ती निघाली. जुनं सामान अंगणात काढलं होतं. त्यात मास्तरांना एक काच दिसली. हातभर लांब, लाकडी चौकटीत बसवलेली, आणि काचेवरच फोटो उमटवलेला. पूर्वी कुणा साहेबानं हौसेनं बंगल्याच्या खिडकीला लावली होती म्हणे. मागून उजेड आला की चित्र झळकायचं. चौकटीच्या कडेला रंगानं लिहिलं होतं, 'लिंबारवाडी फाटा, पहिलं पाणी'. मास्तरांनी ती मागितली. ओव्हरसियर म्हणाला, "न्या की. नाहीतर फुटायचीच." मास्तरांनी ती पटक्यात गुंडाळून लेकरागत पोटाशी धरून आणली.

शाळेत त्यांनी ती खिडकीत बसवली. सकाळच्या शाळेला पूर्वेचं ऊन सरळ खिडकीवर येई, आणि पन्नास वर्षांपूर्वीची लिंबारवाडी आतल्या पोरांपुढं उजळून उभी राही. पोरं आधी नुसतीच ओरडली. एकानं पाया पडून घेतलं. मास्तरांनी दोन दिवस हौस फिटू दिली आणि तिसऱ्या दिवशी कामाला जुंपलं.

काम त्यांचं त्यांनीच शोधून काढलेलं होतं. चौकटीवर आडव्या दोन आणि उभ्या दोन सुतळ्या ताणल्या. नऊ घरं झाली. एका पोराला एक घर, आणि बारामतीच्या घड्याळजीकडून आणलेलं एक भिंग सगळ्यांत मिळून. पाटीवर मधोमध रेघ. रेघेच्या एका बाजूला लिहायचं 'दिसतं', दुसऱ्या बाजूला 'वाटतं'.

"माणसाच्या डोक्याला पागोटं आहे, हे दिसतं," मास्तर म्हणाले. "तो पाटील आहे, हे वाटतं. वाटण्याला माझी ना नाही. पण दिसतंच्या घरात वाटतं घुसवलं तर पाटी पुसून टाकीन."

पोरांना खेळ आवडला. चारच दिवसांत ती अशी तरबेज झाली की घरी आईनं 'आमटी तिखट झालीय' म्हटलं तर विचारत, दिसतंय का वाटतंय? फोटोतल्या माणसांच्या सावल्या पायाजवळ गोळा झाल्यात, म्हणजे भर दुपार. कुणाच्याही अंगावर घोंगडी नाही, म्हणजे थंडी नसावी. बायका लांब उभ्या, एकही पाण्याजवळ नाही. साहेबाच्या पायात बूट आणि बाकी सगळे अनवाणी, एक सोडून. त्या एकाबद्दल वाद झाला. मग मधल्या घराचं पोरगं खिदळायला लागलं.

"मास्तर, भटजी डावरा हाय! नारळ डाव्या हातात धरलाय!"

सगळा वर्ग हसला. मास्तर भिंग घेऊन आले. खरंच, भटजी पाण्याकडं तोंड करून उभे, नारळ उगारलेला, आणि हात डावा. "असेल डावखुरा," मास्तर म्हणाले. "माणूसच आहे." आणि पुढं गेले. जो माणूस पोरांना पागोट्याचा पीळ मोजायला लावत होता त्यानं हे असं सोडून द्यावं! पण चांगला चाललेला तास मोडायला कुणाला आवडतो?

त्याच तासाच्या शेवटी खालच्या कोपऱ्याच्या घरातून नकोशीनं हात वर केला. नकोशी ही म्हस्कू आबांची नात, तीन बहिणींनंतरची चौथी, म्हणून नाव ते. वर्गात तिच्याइतकी नजर कुणाची नव्हती. ती म्हणाली, "मास्तर, हितं मेंढरं हायत. सात. एक पोरगा हाय काठी घिऊन. फुडचं मेंढरू पाणी पितंय."

मास्तर थांबले. "पितंय, हे दिसतं की वाटतं?"

"दिसतंय. तोंड पाण्यात हाय."

"आणि नारळ?"

मधल्या घराच्या पोरानं भिंगातून बघितलं. "आख्खा हाय, मास्तर. फुटल्याला न्हाय."

मास्तरांना आधी हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. म्हणजे म्हाताऱ्याची गोष्ट खरी! पन्नास वर्षं ज्याला हसलो (हो, चार वर्षं मास्तरही हसले होते) तो नुसतं पाहिलेलं सांगत होता. मेंढरं सातच होती, सत्तर नव्हती, पण पाणी त्यांनीच पहिलं प्यालं होतं.

बातमी पोरांच्या पायांनी वाडीभर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हस्कू आबा नकोशीच्या खांद्यावर हात ठेवून शाळेत आले, मागून गेणू तात्या, आणि मागून ज्याला काम नव्हतं तो जो तो. आबांनी नवं धोतर नेसलं होतं. खिडकीकडं तोंड करून ते उभे राहिले. त्यांना फक्त उजेड दिसत होता.

"मेंढरं हायत म्हणं," आबा म्हणाले.

"हायत की," गेणू तात्या म्हणाले. "पर कुणाची?"

आबांनी कनवटीचा भंडारा काढून कपाळाला लावला. "बिरोबाची आण. काच सांगंल तसं. ती मेंढरं माझी न्हाय निघाली तर ही गोष्ट पुन्यांदा माझ्या तोंडातनं यायची न्हाय. मेलो तरी."

मास्तर म्हणाले, "आबा, आण कशाला घालताय?"

"घालू द्या. पन्नास वर्सं हसत्यात. येकदाचं हुन जाऊ द्या. नकोशे, बघ. कान बघ."

नकोशी भिंग घेऊन काचेजवळ गेली. भिंग पुढं केलं, मागं केलं. पाणी पिणाऱ्या मेंढराची मान जरा वळलेली होती आणि कान चांगला दिसत होता, त्यावरची खाच चांगली दिसत होती. मास्तरांनाही दिसली. त्यांना वाटलं, पोरगी आता काय म्हणेल? आणि त्यांना, एका शिक्षकाला, क्षणभर असंही वाटलं की हिनं खोटं सांगावं.

नकोशीनं भिंग खाली घेतलं.

"सांग की," आबा म्हणाले.

"दिसतं ते सांगू का वाटतं ते?"

"दिसतं ते."

"डावा हाय, आबा," नकोशी म्हणाली आणि रडायला लागली.

गेणू तात्यांनी मांडीवर थाप मारली. पण त्यांना हसायचं होतं तितकं हसता आलं नाही. पोरीचं रडणं मधे आलं. आबांनी चाचपडत नकोशीचं डोकं शोधलं, त्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "रडू नगं. दिसलं तसं बोललीस." मग ते तसेच वळले आणि घरी गेले.

त्यानंतर म्हस्कू आबा पारावर आले नाहीत. आले असते तरी बोलले नसते; आण होती. पारावरच्या माणसांना आधी बरं वाटलं, मग दोन दिवसांनी चुकल्यासारखं वाटू लागलं. कुणी कुणाला उठवेना. गेणू तात्या एकटेच 'डावा कान, डावा कान' म्हणत राहिले, पण ज्याला चिडवायचं तोच नाही म्हटल्यावर चिडवण्यात काय राहतं? नकोशी शाळेत यायची, पण भिंगाला हात लावत नव्हती. मास्तरांना जेवण गोड लागेना. पोरांना आपण खरं बघायला शिकवलं, आणि त्या खऱ्यानं पहिला घास घेतला तो एका आंधळ्या म्हाताऱ्याचा. पण खऱ्याला ते तरी काय करणार?

पाचव्या दिवशी दुपारच्या शाळेत मास्तर नेहमीप्रमाणे ओसरीवर गेले. ऊन कललं होतं. रतननं पाटी पुढं केली. गणितं बरोबर होती. पाटीच्या मागच्या बाजूला मधोमध एक रेघ होती.

"हे काय?"

रतन दचकली. "पुसती, मास्तर."

"पुसू नको. दाखव."

एका बाजूला 'दिसतं', दुसऱ्या बाजूला 'वाटतं'. तिला कुणी शिकवलं नव्हतं. खिडकीखाली बसून कानांनी शिकली होती. 'दिसतं'खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: भटजीच्या उजव्या हातात नारळ. बिरोबाचं देऊळ डाव्या अंगाला. पुढच्या मेंढराचा उजवा कान कातरलेला.

मास्तरांनी दोनदा वाचलं. "उजवा? रतन, डावा-उजवा कळतो ना?"

"कळतो की. ह्यो जेवायचा." तिनं उजवा हात वर केला. "आतली पोरं भटजीला डावरा म्हनली तवा मला कळंना. मला तर उजवा दिसतुया. हितनं."

"कुठून?"

"हितनं, मास्तर. दुपारी दारातलं ऊन आतनं येतं, तवा काच हिकडनं पेटती. रोज बघती मी."

मास्तर तिच्या पोत्याशेजारी मटकन बसले आणि त्यांनी मान वर केली. पश्चिमेच्या दारातून आलेलं ऊन खोली ओलांडून काचेत शिरलं होतं, आणि फोटो ओसरीकडून लखलखत होता. भटजींच्या उजव्या हातात नारळ. देऊळ डावीकडं. आणि मेंढराचा कातरलेला कान उजवा.

त्यांनी काच उलटी बसवली होती! काचेवरचं चित्र, दोन्हीकडून दिसणार. आतून जे डावं ते बाहेरून उजवं. चाळीस पोरांना बघायला शिकवणारा माणूस, आणि आपण कुठल्या बाजूनं बघतोय हे त्यानंच बघितलं नव्हतं. भटजींनी डाव्या हातात देवाचा नारळ धरलेला आयुष्यात कधी पाहिला होता का त्यांनी? मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आठवडाभर एक पोरगी बरोबर बाजूनं बघत होती, तिला सगळं दिसत होतं, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीसुद्धा नाही. त्यांनी तर नाहीच.

"मग बोलली का नाहीस गं?"

"घर वाटून दिल्याली पोरं बोलत हुती," रतन म्हणाली. "मला घर न्हवतं."

मास्तरांनी पाटी तिच्या हातात परत दिली.

तरी ते माळ्याचे होते. उकरून बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होईना. त्यांनी घंटा दिली आणि सगळी शाळा फाट्यावर नेली. काठावर उभं राहून पोरांनी जागा शोधली, फोटो काढणारा कुठं उभा असेल ती. फोटोतली, पाणी सुटायची मोरी अजून तीच होती. मोरीसमोर तोंड केलं की बिरोबाचं देऊळ डाव्या हाताला येत होतं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. वर्गात तर ते उजव्या हाताला होतं! नकोशीला सगळ्यांत आधी उमगलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मग बांधावरून जी धावत सुटली ती थेट घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. नकोशीनं आजोबांना ओढतच आणलं होतं. आबा दाराशेजारी भिंतीला टेकून, पाय पसरून खाली बसले. मास्तरांनी सगळ्यांपुढं सांगितलं की चूक माझी, काच मी उलटी लावली, आणि देऊळ कुठल्या हाताला येतं तेही सांगितलं.

गेणू तात्या सहजी ऐकणाऱ्यांतले नव्हते. "ह्ये बरं हाय, मास्तर. काच दोन्हीकडनं दिसती. तुमी सोयीची बाजू धरली."

"तात्या, तुमच्या घरी सत्यनारायण झाला तेव्हा भटजींनी नारळ कुठल्या हातात घेतला?"

"उजव्या. डावा कोन घील?"

"आत्ता काचेत बघा. आतून."

गेणू तात्यांनी बघितलं. भटजी डाव्या हातानं नारळ उगारून उभे होते. तात्यांनी मान तिरकी केली, आपलाच हात वर करून बघितला, दुसरा केला. मग पागोटं मागं सारून डोकं खाजवलं. "च्या मायला," ते म्हणाले, आणि पार जमला होता तो सगळा हसला. तात्याही हसले, त्याला त्यांचा नाइलाज होता.

म्हस्कू आबा हसले नाहीत. ते म्हणाले, "मास्तर, हे बघितलं कुनी?"

"रतननं," मास्तर म्हणाले. "भिमाच्या. ओसरीवरून."

"तिला बलवा. मला सगळं सांगू द्या. पहिल्यापासनं."

मास्तरांनी चौकट खिडकीतून काढली आणि फिरवून बसवायला घेतली, तशी खिडकीच्या गजांपलीकडून रतन हळूच म्हणाली, "मास्तर, आता फिरवली की मला उलटं दिसंल."

खरं होतं. काच एक आणि बाजू दोन. आतल्यांना बरोबर दिसायचं तर बाहेरचीला उलटं, आणि बाहेरचीला बरोबर तर आतल्या सगळ्यांना उलटं. मास्तर चौकट हातात घेऊन उभे राहिले. जिल्ह्याहून आलेला एक कागद त्यांच्या कपाटात दोन वर्षं पडून होता. सगळी मुलं एकत्र बसवावीत असा हुकूम होता त्यावर. गाव बिथरेल म्हणून त्यांनी तो वह्यांच्या खाली घातला होता. आज सगळं गावच समोर बसलं होतं.

गेणू तात्यांनी वाट काढली. "आवो, काच न्या की अंगनात. समदीच बाहीर बघू."

किती सोपं होतं! मास्तर चौकट घेऊन दाराकडं एक पाऊल टाकूनही गेले. मला त्यांना इथं चांगलं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते एक पाऊल त्यांनी टाकलं.

"मी न्हाय उठायचा," म्हस्कू आबा म्हणाले. "माझं गुडघं आता उठत न्हायत. काच हाय तितं लावा, आन् जिला दिसतंय तिला हितं माझ्याजवळ बसवा."

"आबा," गेणू तात्या खालच्या आवाजात म्हणाले, "पोरगी आत कशी यील? शिवाशिव हुईल."

म्हाताऱ्यानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "गेण्या, त्या दिशी साहेब हुता, पाटील हुता, भटजी नारळ घिऊन हुता. त्यांच्या आदी माझ्या मेंढरानं पान्यात तोंड घातलं. मानूस न्हवं, मेंढरानं. पन्नास वर्सं त्याच फाट्याचं पानी तू पितुयास. बाटला का फाटा?"

गेणू तात्यांनी पागोटं सारखं केलं.

"आन् मला काय दिसतंय, शेजारी कोन बसलंय ते?" आबा म्हणाले. "मास्तर, पोरीला आत घ्या. सकाळचं ऊन थांबत न्हाय."

मास्तरांनी चौकट सुलटी करून खिडकीत बसवली. मग दारातून वळसा घालून ओसरीवर गेले. रतनचं पोतं त्यांनी स्वतः उचललं, आणि तिला पुढं घालून आत आले. दोन माणसं उठून निघून गेली. कोण गेली ते आता सांगून काय उपयोग? बाकीची बसली. नकोशी आजोबांच्या डाव्या अंगाला सरकली आणि उजव्या अंगाला जागा झाली. रतन तिथं अंग चोरून बसली. नकोशीनं भिंग तिच्या हातात दिलं.

मग रतननं सांगायला सुरुवात केली. साहेबाचा बूट, भटजींचा उगारलेला हात, लांब उभ्या बायका. आबा डोळे मिटून ऐकत होते आणि मधून मधून म्हणत होते, "व्हय. व्हय. तितंच हुत्या." पन्नास वर्षं त्यांची गोष्ट कुणी ऐकली नव्हती, आज ती दुसऱ्याच्या तोंडून त्यांना ऐकू येत होती. मेंढरं आली. सात. आबांनी सत्तर म्हटलं नाही. उजवा कान आला तेव्हा त्यांनी नुसता मोठा श्वास घेतला.

"आन् मी?" ते म्हणाले. "काठीवाला? माझं त्वांड कसं हाय गं?"

रतन उठली. खिडकीपाशी जाऊन तिनं भिंग लावलं आणि बराच वेळ बघितलं. सगळी शाळा वाट बघत होती. मास्तरांनी ते तोंड आधी पाहिलं होतं.

"त्वांड न्हाय दिसत, आबा," रतन म्हणाली. "पुसल्यागत झालंय. बाकी समदी गप उबी हायत. तुमी हलला."

म्हातारा काय म्हणतो म्हणून सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. इतकं करून, त्याला स्वतःचा चेहरा तेवढा मिळाला नव्हता.

आबांच्या मिटल्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. "फोटूवाला वरडत हुता, हलू नगा, हलू नगा," ते म्हणाले. "आन् मेंढरानं त्वांड घातलं. भटजी बघतच ऱ्हायला. मला काय दम निगतुया? खदाखदा हसलो मी. ह्ये कदी कुनाला सांगितलं न्हाय बघ. मेंढरांचंच सांगत बसलो."

रतन परत येऊन त्यांच्याजवळ बसली. तिनं पाटी मांडीवर घेतली आणि 'दिसतं'खाली लिहिलं: तोंड पुसलेलं. मग रेघेच्या पलीकडं पेन्सिल नेली आणि थांबली.

"मास्तर, हसत हुते, ह्ये कुठं लिहू? मला दिसलं न्हाय. पर वाटतबी न्हाय नुसतं. आबांनी सांगितलंय."

मास्तरांनी पुढं जन्मभर त्या खोलीत फक्त दोनच रकाने शिकवले असते तरी त्यांना कुणी काही म्हटलं नसतं. ते रतनसमोर उकिडवे बसले, तिची पाटी घेतली, आणि तिच्या रेघेशेजारी आणखी एक रेघ ओढली.

"इथं लिही," ते म्हणाले. "वर लिही, 'विचारलं'."